मोटर चालू झाल्याची वेळ

नकाराचं पत्र कसं लिहायचं हे मला कुणी शिकवायला नको. माहितीचा कायदा आल्यापासून निवृत्त होईपर्यंत, तहसील कचेरीत अव्वल कारकून म्हणून चौदा वर्षं मी तेच केलं. वर 'उपरोक्त विषयान्वये' लिहायचं, मधे एखादं कलम ठोकायचं आणि खाली 'सबब माहिती देता येत नाही' म्हणून साहेबांपुढं सहीला ठेवायचं. निवृत्त झाल्यावर बुद्धी फिरली म्हणा, पापाचं प्रायश्चित्त म्हणा, लोकांचे अर्ज मी फुकट लिहून द्यायला लागलो. आमच्या शालूबाई म्हणतात, "जन्मभर लोकांना हेलपाटे घालायला लावलेत, आता त्यांच्याबरोबर स्वतः घाला." बायको खरं बोलते तेव्हा मी पेपर वाचतो.

आप्पासो माझ्याकडं आला तो २०२१ च्या जूनमध्ये, टाळेबंदी जरा सैल झाल्यावर. सांगलीत मार्केट यार्डाच्या मागं माझं घर आहे, तिथं पत्ता विचारत आला. साठीचा, काटक, डोक्याला पिवळा पटका, हातात शेवग्याच्या शेंगांची पेंडी. पेंडी उंबऱ्यात ठेवली आणि उभाच राहिला.

"भाऊसाहेब, मला एक कागूद काडून पायजे."

"कसला?"

"मोटर कवा चालू झाली, त्याचा."

जत तालुक्याच्या पार टोकाला त्याचं गाव. वाडवडील मेंढरं घेऊन मुलूख फिरलेले. करंजखोरे उपसा सिंचन मंडळाचं पाणी कालव्यानं गावात आलं तेव्हा आप्पासोनं मेंढरं विकली, चार शेरडं ठेवली आणि दोन एकर डाळिंब लावलं. मुलगा इंद्रजित त्याच मंडळाच्या नदीवरच्या पंपघरात रोजंदारीवर लागला. काम काय, तर नदीतनं वाहत येणारी जलपर्णी पंपघराखालच्या विहिरीच्या जाळीत अडकते ती काढायची. मार्चमध्ये एका दुपारी तो जाळी साफ करायला विहिरीत उतरला, आणि वर कुणीतरी मोटर चालू केली. चोवीस वर्षांचा होता. आईबापाला तोंड दाखवलं, बाकीचं कापड उघडू दिलं नाही.

मोटर चालू करणारा ऑपरेटर नाथाजी निलंबित झाला होता. मंडळाची चौकशी बसली होती. साताऱ्याच्या मुख्य कार्यालयातला एक अधिकारी येऊन जबाब घेऊन गेला होता, आणि पंपघरातलं लॉगबुक, म्हणजे मोटर कधी चालू झाली, कधी बंद झाली हे जिथं लिहितात ती वही, सांगलीच्या विभागीय कार्यालयात जमा झाली होती. आप्पासोला त्या वहीतलं त्या दिवसाचं पान हवं होतं.

मी त्याला अनुभवाचा सल्ला दिला. कसला अनुभव, माती! म्हणालो, "आत्ता अर्ज टाकला तर चौकशी चालू आहे म्हणून फेटाळतील. दिवाळीपर्यंत थांबा. चौकशी संपली की अहवाल, जबाब, लॉगबुक, सगळं एका अर्जात मागू. घाईनं काम बिघडतं."

"तुमी म्हनताय तसं," आप्पासो म्हणाला. शेंगा ठेवून गेला. मोठा कायदेपंडित असल्यासारखा मी दिवसभर घरात फिरलो.

दिवाळी झाल्यावर आम्ही अर्ज टाकला. डिसेंबरात उत्तर आलं. कलम ८(१)(ज). माहिती दिल्यास तपासाच्या प्रक्रियेत अडथळा येईल, सबब देता येत नाही. भाषा इतकी ओळखीची होती की मला वाटलं, खाली माझीच सही असेल. आठ महिन्यांत चौकशी तसूभरही सरकली नव्हती. मी चिडलो आणि चार पानी अपील लिहिलं. नुसतं 'अडथळा येईल' म्हणून भागत नाही, कसा येईल ते सांगावं लागतं, हे मी कलमांसकट लिहिलं. कारकुनी करताना हेच मला कुणी विचारलं असतं तर घाम फुटला असता, तेही खरं.

पहिल्या अपिलाची सुनावणी साताऱ्याला, मार्चमध्ये. आप्पासो आदल्या दिवशीच माझ्याकडं मुक्कामाला आला. सकाळच्या एसटीनं निघालो. पोवई नाक्यावर उतरून मंडळाच्या कार्यालयात गेलो तर साहेब मीटिंगला. ते अडीच वाजता आले. माणूस वाईट नव्हता. आप्पासोला बसायला खुर्ची दिली, पाणी मागवलं, मुलाबद्दल वाईट वाटतं असंही म्हणाले. मी माझे मुद्दे मांडायला लागलो तेवढ्यात आप्पासो मधेच बोलला.

"सायेब, सगळा कागूद नगं. कुनाचा जबाब नगं, कुनावर केस करायची न्हाई. एकच आकडा द्या. मोटर किती वाजता चालू झाली तेवडं सांगा, आमी जातो."

साहेब म्हणाले, "मामा, तोच तर चौकशीचा विषय आहे. तो सांगितला तर चौकशीत उरलं काय?"

अपील फेटाळलं. पंधरा दिवसांनी टपालानं निकाल आला, पण तो आम्हाला तिथंच कळला होता.

परतताना कराडच्या स्टँडवर सांगलीची गाडी यायला तासभर होता. मी चहा आणला आणि त्याच्यावरच राग काढला. "तुम्ही मधे का बोललात? कायद्याच्या मुद्द्यावर मी त्यांना धरलं होतं. आणि एका आकड्यानं काय होणार आहे? जबाब मिळाले तर नाथाजीचा दोष सिद्ध होईल, मंडळाचा होईल. वेळ घेऊन काय चाटायची आहे?"

त्यानं कप खाली ठेवला. बंडीच्या आतल्या खिशातनं प्लास्टिकची पिशवी काढली, पिशवीतनं जुना बटणांचा मोबाईल काढला, चालू केला आणि मला दाखवला. केलेल्या फोनच्या यादीत सगळ्यात वर नाथाजीचं नाव होतं. वेळ चार वाजून दहा मिनिटं. त्याच्या खाली इंद्रजित, चार वाजून आठ मिनिटं. तारीख मार्चमधली तीच. त्या दिवसानंतर त्यानं त्या मोबाईलवरनं एकही फोन केला नव्हता. सिम काढून दुसऱ्यात घातलं होतं. नवे फोन केले तर हे दोन यादीतनं पुसले जातील अशी त्याला भीती होती.

मग त्यानं सांगितलं. कालव्याच्या शेवटच्या टोकाला, ज्याला टेल म्हणतात तिथं, पाळी आली की पाणी कधी वेळेवर पोचत नाही. म्हणून टेलची गावं पंपघराला फोन करत बसतात. आप्पासोचा मुलगाच तिथं कामाला लागल्यावर गावानं फोनचं काम त्याच्यावर टाकलं. 'तुझा पोरगा हाय तितं, लाव फोन,' म्हणायचे.

"खोटं कशाला बोलू भाऊसाहेब, मला ते ग्वाड लागायचं. जलमभर मेंढरामागं हिंडलेला मानूस म्या. माझ्या फोनानं पानी सुटतं म्हनून लोक चावडीत जागा द्याय लागलं. त्या दिशी तर कुनी सांगितलंबी नव्हतं. पाळीचा चवथा दिस, डाळिंबाची फुलं गळाय लागल्याली. माझा म्याच लावला. आदी इंद्रजितला लावला. घंटी वाजली, त्यानं उचललाच न्हाई."

इंद्रजितचा मोबाईल वर केबिनमध्ये टेबलावर पडला होता. तो खाली विहिरीत होता.

"मग नाथाजीला लावला. म्हनलं, आरं सोड की लेका पानी, का वाळल्यावर सोडतुयास? त्यो म्हनला, सोडलंच म्हनून समजा मामा."

"म्हणजे मोटर आधीच चालू होती?"

"त्येच तर कळत न्हाई. पंपावरची मानसं मोटर चालू आसली तरी आसंच म्हनत्यात, बंद आसली तरी आसंच म्हनत्यात. फोनात मागं घरघर आईकू येत हुती का न्हाई, ह्येचा इचार करून करून आता मला कवाबी घरघर आईकू येती." त्यानं मोबाईल बंद केला. "चार धाच्या आदी मोटर चालू झाली आसंल, तर म्या सुटलो. मागनं झाली आसंल, तर माझ्या पोराला म्याच मारला."

माझा राग कुठल्या कुठं गेला. मी म्हणालो, "नाथाजीलाच विचारा ना सरळ."

"इचारलं तर त्यो सांगंल की. मानूस चांगला हाय त्यो. पर त्यो माझ्या तोंडाकडं बघून सांगंल. वहीत त्यानं माझं तोंड न बघता लिवलंय."

"घरी ठाऊक आहे हे?"

"हरनीला न्हाई." हरणाबाई त्याची बायको. "तिला एवडंच म्हनलंय, कागूद आला की तुला एक गोष्ट सांगायची हाय. कागूद चांगला निगाला तर हासत सांगीन. न्हाई निगाला तर..." सांगलीची गाडी लागली.

त्यानंतर मी त्या एका आकड्याच्या मागं लागलो. पोलिसांचा पंचनामा मिळवला, त्यात 'दुपारी चारच्या सुमारास' असं होतं. त्या सुमारासमध्येच तर सगळं अडकलं होतं. विजेच्या मीटरमध्ये काही सापडतं का बघितलं, तिथली जुनी नोंद कधीच पुसली गेली होती. राहिलं ते लॉगबुकचं पान. पुण्याच्या माहिती आयोगाकडं दुसरं अपील केलं आणि वाट बघत बसलो. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात, इथं तीन वर्षं थांबलो. दर दोन-तीन महिन्यांनी आप्पासो यायचा, कधी शेंगा, कधी डाळिंबं. "आलं का वो काय?" म्हणायचा. "नाही," म्हटलं की तेवढ्या पावली परत जायचा. एकदा मी म्हणालो, फोनवर विचारा की, एवढ्या लांबनं येता कशाला? तो म्हणाला, "फोन नगं."

सुनावणीची नोटीस आली २०२५ च्या फेब्रुवारीत. पुण्याला जायचं नव्हतं. सांगलीच्या कलेक्टर कचेरीतल्या एका खोलीत टीव्हीसमोर बसायचं, आयुक्त पुण्याहून टीव्हीत दिसणार. आप्पासोनं धुवट कपडे घातले होते. मंडळाकडनं एक तरुण अधिकारी आला होता, चार वर्षांत त्या खुर्चीवरचा तिसरा. हातात एकच कागद. तो कागद बघूनच मी ओळखलं. द्यायला आलेला माणूस फाईल घेऊन येतो.

आयुक्तांनी विचारलं, "चौकशी पूर्ण झाली का?"

"झाली सर. अहवाल शासनाला सादर झालाय. पण मूळ लॉगबुक आणि जबाब उपलब्ध नाहीत. जुलै २०२१ च्या महापुरात आमच्या तळमजल्यावर सहा फूट पाणी होतं सर. अभिलेख नष्ट झाल्याचा पंचनामा आहे." त्यानं तो कागद कॅमेऱ्यापुढं धरला.

मी उठून उभा राहिलो. वय, रक्तदाब, काही आठवलं नाही. "जुलैमध्ये वही बुडाली, आणि डिसेंबरात तुम्ही लिहून देता की ती दाखवली तर तपासात अडथळा येईल? मार्चमध्ये साताऱ्याला पुन्हा तेच? चिखलानं कसला तपास बिघडणार होता?"

"तत्कालीन अधिकाऱ्यांना कल्पना नसावी," तो पोरगा हळूच म्हणाला.

आणि ते खरं होतं. मला कळायला हवं होतं, कारण माझ्याइतकं ते कुणाला ठाऊक असणार? चौदा वर्षांत नकार लिहिताना मी एकदाही कपाट उघडून बघितलं नव्हतं. द्यायची असेल तर फाईल शोधावी लागते, नाकारायला फाईल लागतच नाही. मी चार-चार पानं कायदा लिहीत बसलो, आणि आडातच नव्हतं.

तेवढ्यावर थांबलं असतं तरी बरं झालं असतं. पण माझं डोकं हिशेब करायला लागलं. आप्पासो आला जूनच्या मध्याला. पूर आला जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. त्याच दिवशी दहा रुपयांचा स्टॅम्प लावून अर्ज टाकला असता, तर महिन्याची मुदत पुराच्या आधी संपत होती. फेटाळला असता कदाचित. पण अर्ज पुढ्यात पडला म्हणून एखाद्या कारकुनानं ती वही तळमजल्यावरनं वरच्या मजल्यावर नेऊन ठेवली असती. एखाद्यानं झेरॉक्सही काढली असती. थांबा म्हणून सांगणारा मी.

आयुक्तांनी नाराजी व्यक्त केली. अभिलेख नाहीत असं प्रतिज्ञापत्र पंधरा दिवसांत द्या, पुढं काळजी घ्या, असं मंडळाला बजावलं. चौकशी अहवालाची प्रत अपीलकर्त्याला द्या म्हणाले. अपील निकाली. नऊ मिनिटं लागली. त्या अधिकाऱ्यानं अहवालाची प्रत बॅगेतनं काढून तिथंच हातात दिली, त्यानं आणली होती बिचाऱ्यानं. मी उभ्या उभ्या वाचली. दोन पानं. 'सदर कामगार जाळीच्या सफाईसाठी विहिरीत असताना दुपारी चारच्या सुमारास पंप सुरू झाल्याने.' पुन्हा सुमारास.

जिन्याखाली नाथाजी उभा होता. निलंबन उठल्यावर त्याला विभागीय कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर बसवलं होतं, आणि आज साहेबांची गाडी घेऊन तोच आला होता. आप्पासो नंतर म्हणाला, चार वर्षांत पार म्हातारा झालाय. आप्पासोला बघून त्यानं पाय धरले, आणि रडायलाच लागला.

"मामा, म्या वराडलो हुतो विहिरीत. दोनदा वराडलो. वर आला आसंल, च्याला गेला आसंल वाटलं मला."

"ऊठ," आप्पासो म्हणाला.

"मामा, येक सांगतो. मोटर चारलाच चालू झालीया. चारच्या ठोक्याला. तुमचा फोन मागनं आला. देवाशपथ मागनं आला."

आप्पासोनं हे त्याला विचारलं नव्हतं. आम्ही कुणीच कधी विचारलं नव्हतं. म्हणजे त्या फोनची वेळ नाथाजीच्याही डोक्यात चार वर्षं घोळत होती. का, ते मी विचारलं नाही. खरं असेल म्हणून तो सांगत असेल, किंवा हा बाप जगावा म्हणून सांगत असेल. दोन्ही वेळा चेहरा असाच दिसला असता.

आप्पासोनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तू चांगला हायस नाथाजी," म्हणाला. "चांगला मानूस आसंच सांगतो." आणि माझ्याकडं वळून म्हणाला, "भाऊसाहेब, घरापत्तूर चला. मला एकट्याला जमनार न्हाई."

मी त्याच्या गावी त्या दिवशी पहिल्यांदा गेलो. दोन एसट्या बदलून पोचायला चार वाजून गेले. पत्र्याचं घर, बाजूला काट्याकुट्याचा शेरडांचा वाडा. हरणाबाईनं पाणी दिलं. उंच, हडकुळी बाई, कपाळावर गोंदण. ती नवऱ्यासमोर जमिनीवर बसली.

"आला कागूद?"

"न्हाई. पुरात बुडाला म्हनं."

"कवाच्या पुरात?"

"त्याच सालच्या."

आप्पासोनं पटका काढून मांडीवर ठेवला. एवढ्या वर्षांत मी त्याचं उघडं डोकं पहिल्यांदा बघितलं. त्यानं सगळं सांगितलं. इंद्रजितनं न उचललेला फोन, नाथाजीला केलेला फोन, काय बोलला ते शब्दाला शब्द. नाथाजी आज काय म्हणाला तेही सांगितलं, आणि आपला त्यावर विश्वास बसत नाही हेही. सांगताना त्याचा आवाज अजिबात कापला नाही. मीच दुसरीकडं बघत होतो.

"मला म्हायती हाय," हरणाबाई म्हणाली.

त्यानं मान वर केली.

"म्या शेरडाला पाला टाकत हुते ह्या वाड्यात. तुमी कुडाच्या पल्याड हुबं ऱ्हाऊन बोलत हुतासा. सोड की लेका म्हनलासा, त्येबी आईकलं. सांच्याला निरोप आला तवाच माझ्या ध्यानात आलं."

"आन् चार वर्सं बोलली न्हाईस?"

"काय बोलू? तुमी म्हनलासा, भाऊसाहेब कागूद काडत्यात. मला वाटलं, कागूद येईल, आन् तुमी न्हवं आसं निगंल त्यात. रोज वाटायचं, आज येईल, उद्या येईल. त्येवड्या आशंवर तुमास्नी दोन येळंला ताट वाडत आले." ती माझ्याकडं वळली. तिच्या डोळ्यात राग नव्हता, असता तर मला सोसला असता. "भाऊसाहेब, आता दुसरा कुटला कागूद हाय का वो?"

मी नाही म्हणालो.

"मग आता कशावर वाडू?" ती नवऱ्याला म्हणाली.

ती उठून शेरडांकडं गेली.